कुठेच न जाणारी वाट

जूनमधल्या रविवारी पुण्याहून सुटलेली सकाळची लोकल लोणावळ्याला रिकामी होते, तेव्हा दोन प्रकारची माणसं उतरतात. पहिल्या प्रकारची संख्या अफाट. भुशी धरणावर पोचायचं, भिजायचं, कणीस खायचं, चिक्कीचे दोन पुडे घ्यायचे आणि दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. त्यांचा पाय फलाटाला लागायच्या आधीच कुणाच्या तरी पाठीवरचा स्पीकर गायला लागलेला असतो. दुसऱ्या प्रकारची माणसं जेमतेम पंधरा-वीस. ती उतरतात आणि तिथेच उभी राहतात. कुणाच्या गळ्यात दुर्बीण, कुणाच्या सॅकला खोचलेली घडीची छत्री, एखाद्या शाळकरी पोराच्या हातात आईने कालच घेऊन दिलेली वही. आणि या घोळक्याच्या मधोमध गळ्यात दोरीने भिंग अडकवलेला एक इसम असतो. सोमवार ते शुक्रवार तो बँकेत बसत असला तरी आज त्याला सगळे ‘सर’ म्हणतात.

मला या घोळक्यांची सवय लागली आहे. त्यांना कुणी निसर्गभ्रमंती म्हणतं, कुणी नेचर ट्रेल, कुणी नुसतंच ‘सरांबरोबर जाणं’. फी मामुली असते, डबा आपापला आणायचा असतो आणि ओळखी फलाटावरच उरकतात. मग नियम सांगितले जातात. काही तोडायचं नाही. दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा, कारण त्याखाली कुणाचं तरी घर असतं. गाणी नाहीत. अत्तर मारून आलेल्याने शेवटी चालायचं. हा शेवटचा नियम मी एकाच सरांकडून ऐकला, आणि तो कीटकांच्या काळजीपोटी होता की त्यांच्या स्वतःच्या नाकाच्या, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

नवख्या माणसाला खरा धक्का बसतो तो वेगाचा. ट्रेकच्या सवयीने आलेली तरुण मंडळी बुटांच्या नाड्या आवळून, गुडघ्याला पट्टे बांधून सज्ज असतात. अर्ध्या तासाने त्यांच्या लक्षात येतं की आपण अजून गावाच्या शेवटच्या घरामागेच आहोत. सर एका बांधाशी थांबलेत, बांधावरच्या शेवाळावर भिंग धरून बसलेत आणि उठायची काही लक्षणं नाहीत. सकाळभरात एखादा किलोमीटर झाला तर खूप. कुठला माथा गाठायचा नसतो, कुठल्या बुरुजावर झेंड्याशेजारी फोटो काढायचा नसतो. जिथून निघालो तिथेच परत येतो, तेही बहुधा त्याच वाटेने.

मावळात ही गोष्ट जरा विचित्रच म्हणायची. कारण मावळ हा प्रदेश मुळी थांबण्यासाठी नाहीच, तो ओलांडण्यासाठी आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर चढणारे तांडे इथूनच जायचे. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी त्या जुन्या वाटांच्या काठाला खोदलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटाच्या यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह पुरं केल्याचं वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी दगडात लिहवून गेला आहे. जाणारी-येणारी माणसं ती. पैसा दिला, नाव कोरवलं, पुढे गेली. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मावळ खिडकीतून बघायची जागा झाली. द्रुतगती मार्ग आल्यावर तर खिडकीच्या काचाही बंद झाल्या. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या किती माणसांनी नाणे मावळातली, आंदर मावळातली एखादी वाडी पायाखाली घातली असेल? ज्या प्रदेशातून सगळं जग घाईने जातं, तिथे वीस माणसं मुद्दाम येऊन एका बांधाशी उकिडवी बसतात, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

कुरवंड्याची वाट या कामाला फार चांगली. गाव लोणावळ्याला लागूनच, नागफणीच्या पायथ्याला. इंद्रायणी इथल्याच डोंगरात उगम पावते. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्याकडे बघून, हीच पुढे देहू-आळंदीला जाऊन पोचते यावर विश्वास बसत नाही. कुणाच्याही शेतातला पाट वाटावा इतकीच असते ती. हा कुरवंड्याचा घाट जुना. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान आपली फौज घेऊन याच घाटाने कोकणात उतरला आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडला. त्यामुळे या वाटेवर दुसरेही घोळके भेटतात. त्यांचे सर वेगळे. ते हात उंचावून खिंडीकडे दाखवतात, फौजेचा आकडा सांगतात, दगड कुठून लोटले असतील ते सांगतात, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. दोन घोळके एकमेकांना वाट देतात तेव्हा मजा असते. एकाच्या माना वर, दुसऱ्याच्या खाली. आमच्याकडे ते जरा कीव आल्यासारखे बघतात.

महाराष्ट्रात डोंगर चढायला इतिहास लागतो. नुसत्या डोंगरासाठी डोंगर चढणारा माणूस आपल्याकडे थोडा संशयास्पदच. लोहगडावर हजारो लोक जातात, गणेश दरवाजापासून विंचूकाट्यापर्यंत सगळं पायाखाली घालतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या यादीत त्याला घेतल्यावर तर गर्दीला आणखी एक कारण मिळालं. पण त्या पायऱ्यांच्या फटीत काय उगवलंय, हे विचारणारा विरळा. यात दोष कुणाचाच नाही. किल्ल्याने आपल्याला डोंगर दिले हे खरंच आहे. तळेगाव दाभाड्याला राहणारे गो. नी. दांडेकर माणसं गोळा करून गडांवर नेत, तीही एक प्रकारची भ्रमंतीच होती. पण गोनीदांची नजर नुसत्या तटाबुरुजांवर थांबणारी नव्हती. ‘पवनाकाठचा धोंडी’ मध्ये तुंग किल्ला आहे, गडाची हवालदारी आहे. ‘माचीवरला बुधा’ मध्ये मात्र राजमाची असूनही गड जवळजवळ मागेच पडतो. मुंबईला विटलेला म्हातारा माचीवर येऊन झाडापाखरांच्या संगतीत राहतो, एवढंच. मावळातल्या निसर्गभ्रमंतीचा मूळपुरुष शोधायचाच तर मी बुधाकडे बोट दाखवीन. त्याच्या गळ्यात भिंग नव्हतं, इतकाच फरक.

तर एका रविवारी कुरवंड्याच्या वाटेवर सर एका उतारापाशी थांबले आणि त्यांनी हात आडवा केला. करवंदीच्या जाळीखाली, पालापाचोळ्यातून वीतभर उंचीचं काहीतरी वर आलं होतं. सापकांदा. पहिला पाऊस जमिनीत मुरला की हा सगळ्यात आधी डोकं वर काढतो, पान फुटायच्याही आधी. नागाने फणा काढावा तसा पांढरा-हिरवट पडदा पुढे झुकलेला असतो आणि त्याच्या आतून एक बारीक जीभ बाहेर डोकावते. खरी फुलं दिसतच नाहीत. ती आत तळाशी दांड्याला चिकटलेली, मोहरीएवढी. सरांनी आम्हाला गुडघ्यावर बसवलं, गाल जवळजवळ जमिनीला टेकवायला लावला आणि भिंग हातोहात फिरवलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आधी वाचलेलं होतं, तरी त्या उतारावर ओल्या मातीत बसून ऐकताना ते नव्यानेच कळलं. हा कांदा लहान असतो, जमिनीखाली साठा कमी असतो, तोवर याला येणारं फूल नर असतं. दोन-चार पावसाळ्यांनी साठा वाढला की तोच कांदा मादी फूल काढतो. बी धरायचं म्हणजे खर्च आला आणि तो अंगात ताकद असेल तरच करायचा. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, कांदा रोडावतो, तेव्हा हे महाशय पुन्हा नर. या गोतावळ्यातल्या बऱ्याच जातींत आणखी एक बेरकीपणा आहे. कुबट वासाला भुलून चिलटं पडद्याच्या आत उतरतात. नर फुलाच्या पडद्याला तळाशी बारीकशी फट असते, चिलट परागकण अंगावर घेऊन तिथून निसटतं. मादी फुलाला फट नसते. चिलट आत फिरतं, पराग देतं आणि तिथेच संपतं.

“बाप रे,” मागून कुणीतरी म्हणालं. शाळकरी पोराने वहीत काहीतरी खरडलं. आणि मग प्रत्येक वेळी येतो तो प्रश्न आला. ठाण्याहून आलेल्या एका काकूंनी विचारला. “सर, हे खातात का?”

मराठी माणसाला कुठलंही झाड दाखवा, त्याचे दोन प्रश्न ठरलेले: हे खातात का, आणि हे कशावर औषध आहे? बहुतेक सरांना या प्रश्नांचा राग येतो. झाड हे झाड म्हणून बघा, तुमच्या उपयोगासाठी ते जन्माला आलेलं नाही, असं एक छोटं व्याख्यान होतं. मला स्वतःला हा प्रश्न आवडतो. तो स्वयंपाकघरातून आलेला प्रश्न आहे, आणि रानाशी माणसाचं नातं सगळ्यात आधी तिथूनच जुळलं. सौंदर्य, दुर्मिळता, परिसंस्था हे सगळं पोट भरल्यानंतरचं. शिवाय काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या दिवशी सरांची गरजही पडली नाही.

आम्ही सगळे गुडघ्यावर बसलेलो असताना वरच्या अंगाने एक बाई डोक्यावर भारा घेऊन उतरल्या. वीस माणसं जमिनीत तोंड खुपसून बसलेली बघून त्या थबकल्या.

“काय हरपलं का वो?”

“नाही मावशी, फूल बघतोय.”

त्यांनी वाकून पाहिलं. “सापकांदा हाय त्यो. हात नका लावू, खाज उठंल. आन् त्वांडात तर अजाबात न्हाई.” काकूंना उत्तर मिळालं. मग मावशींनी कमरेच्या ओट्यातून पातळ, लांब, लसणीच्या पातीसारखी हिरवी पानं काढून दाखवली. “ही खात्यात. कोळूची भाजी. पयल्या पावसाची एकदा तरी खायाची.”

मग प्रश्नांची नुसती झड लागली. कशी करायची, कांदा घालायचा की नाही, लोणावळ्याच्या बाजारात मिळते का. मावशींनी भारा खाली टेकवला. भाजी खुडताना पानाच्या आतला पांढरा कडक भाग टाकायचा, नाहीतर घसा धरतो. शेवळं आणली तर त्यात काकडं घालायचीच, नाहीतर तोंड खाजून बेजार. कुरडू, टाकळा, भारंगी, एकेकाचा महिना ठरलेला. कुठल्या उतारावर काय उगवतं आणि कधी खुडायचं थांबवायचं, हेही ठरलेलं. सर बाजूला उभं राहून ऐकत होते. मधेच त्यांनी कोळूचं शास्त्रीय नाव सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तेवढ्यासाठी मला ते फार मोठे वाटले. चांगला वाटाड्या ओळखायचा तो इथे. आपल्यापेक्षा जास्त माहीत असणारं माणूस वाटेत भेटलं की तो गप्प बसतो.

खंडाळ्याच्या उतारांना असा एक मोठा अभ्यासक एकदा मिळून गेला आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव, जन्म १९०३ चा, मूळचे स्पेनचे, जेझुइट पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. खंडाळ्याच्या आसपासचे दरी-डोंगर त्यांनी वर्षानुवर्षं, सगळ्या ऋतूंत पालथे घातले आणि १९५३ मध्ये ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ प्रसिद्ध केला. अख्ख्या मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश कुकसाहेबांनी त्याआधी केलेलाच होता. सांतापावांनी एक घाटमाथा घेतला, आणि त्यातलं गवतसुद्धा सोडलं नाही. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, पद्मश्री मिळाली, पण मला ते नेहमी खंडाळ्याच्या धुक्यात दिसतात. पाऊस चार-साडेचार हजार मिलिमीटर. त्यात नमुने गोळा करायचे, कागदात दाबायचे आणि बुरशी लागायच्या आत वाळवायचे. घाटातल्या पावसाळ्यात ज्याच्या घरी पंचा वाळत नाही, त्यालाच या कामाची किंमत कळेल.

सांतापावांनी ज्या झाडाचा फार पाठपुरावा केला ते म्हणजे कारवी. मावळातल्या जुन्या घरांचे कुड कारवीच्या काठ्यांचे, वरून शेणमातीचा लेप. ती जळणाला लागते, मांडवाला लागते, तिच्या फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्यांची चंगळ असते. एरवी ती नुसती हिरवी गर्दी म्हणून उभी असते. सहा वर्षं, सात वर्षं काही नाही. आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी उतारच्या उतार एकदम निळे-जांभळे होतात, फळ धरतात आणि सगळी झुडपं एकसाथ मरून जातात. सुकलेली बोंडं पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात तडतड फुटून बी उडवतात. आयुष्यात एकदाच फुलायचं, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन. एका डोंगराचं फुलायचं वर्ष ते दुसऱ्या डोंगराचं असेलच असं नाही. त्यामुळे भ्रमंती नेणाऱ्या लोकांच्या डोक्यात एक वेगळंच पंचांग असतं. अमक्या डोंगराची कारवी अमक्या साली, हे ते पोरांच्या दहावी-बारावीसारखं लक्षात ठेवतात.

या सगळ्यात मला हौशी माणसांचं कौतुक जास्त वाटतं. श्रीकांत इंगळहळीकर पेशाने अभियंते. त्यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ २००१ मध्ये आलं आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी सॅकमध्ये शिधा-पाण्याच्या बरोबरीने जाऊन बसलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी तर १८८३ ची. साहेबलोकांच्या शिकारी-कपाटांतून निघालेली ही संस्था आज शाळेतल्या पोरांना जंगलात नेते. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली, तेही मुळात पक्षी बघत हिंडणारे गृहस्थ. मराठी मध्यमवर्गाने नाटक, संगीत, गिर्यारोहण यांवर जसा जीव टाकला, तसा एका छोट्या कोपऱ्याने झाडा-पाखरांवर टाकला. फार गाजावाजा न करता. आज रविवारी लोणावळ्याच्या फलाटावर भिंग घेऊन उभा असलेला बँकेतला माणूस त्याच घराण्यातला.

पवन मावळात अजिवलीची देवराई आहे, वाघजाईची. तिथे नेणारे सर वेगळेच वागतात. देवराईच्या हद्दीशी चपला निघतात आणि आपोआपच आवाज उतरतो. बाहेर भाताची खाचरं, टळटळीत उजेड, आणि दोन पावलांवर असा गारवा की घाम अंगावरच थिजतो. उंच सरळ भेरली माड आभाळात गेलेले, त्यांच्या माशाच्या शेपटीसारख्या पानांतून उजेड चाळून खाली येतो. या माडांपासून गावाला उत्पन्न असतं, ते देवीचं. पण कुऱ्हाड चालत नाही. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शहरातल्या वाचकांना कळलं की गावोगावच्या या देवाच्या झाडीत मूळ जंगलाचा नमुना शिल्लक आहे. गावाला ते ठाऊक होतं, फक्त त्यांच्या लेखी त्याचं कारण वेगळं होतं. देवीचा कोप.

आमच्यातल्या एका तरुणाने गावातल्या आजोबांना विचारलं, “बाबा, खरंच तोडलं तर काय होतं?” बाबांनी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “तू तोड की. आम्हाला बी कळंल.” पोरगं हसलं. तोडलं मात्र नाही त्याने.

मला देवभोळेपणाची भलामण करायची नाही. देवरायांतही आता मंदिराचा जीर्णोद्धार म्हणून सिमेंटचे सभामंडप उभे राहतात, फरश्या बसतात, आणि देवीलाच जागा हवी म्हटल्यावर झाडांची बाजू घ्यायची कुणी? पण वनखात्याची पाटी आणि वाघजाई यांत माणसाचा हात कुणामुळे जास्त लवकर मागे येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

राजमाचीच्या काजव्यांची गोष्ट इतकी साधी नाही. मे महिना सरत आला की लोणावळ्याहून तुंगार्ली, फणसराई करत जाणारी ती पंधरा-सोळा किलोमीटरची वाट गाड्यांनी भरून जाते. माचीवरच्या उधेवाडीच्या आसपासच्या हिरडा, ऐन, आंबा, जांभूळ या झाडांवर वळवाच्या सुमारास काजवे लागतात. झाडच्या झाड एका तालात उजळतं आणि विझतं. तो दिवा उष्णता जवळजवळ देतच नाही. नर मादीला बोलावतो आहे, ती खालून उत्तर देते आहे, हा सगळा खेळ तेवढ्यासाठी. त्याआधी कित्येक महिने काजव्याची अळी ओल्या पाल्यात गोगलगाई खात जगलेली असते. पंख फुटल्यावरचं आयुष्य फार तर दोन-तीन आठवड्यांचं. त्या दोन-तीन आठवड्यांतच आमच्या गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, झाडाखाली पसरलेल्या सतरंज्या आणि पाल्याचा झालेला भुगा. नराला मादीचा दिवा दिसत नाही. अंधार पाहिजे त्यालाही आणि आम्हालाही. आम्ही बघायला येतो आणि येताना उजेड घेऊन येतो.

मग लोकांना येऊच देऊ नये का? उधेवाडीच्या घरांना या महिन्याचं उत्पन्न लागतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ओसरीवर झोपायला जागा. शाळा सुटलेली पोरं रात्री हातात काठी घेऊन घोळक्याच्या पुढे चालतात. अशाच एका पोराने शहरातल्या पन्नाशीच्या गृहस्थांना शांतपणे सांगितलेलं मी ऐकलंय, “काका, लाइट बंद केल्याबिगर पुढं नेणार न्हाय.” काका चांगले अधिकारी वगैरे असावेत. त्यांनी निमूट बंद केला. सरकारी फलकाने जे झालं नसतं ते त्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने केलं, कारण डोंगर त्याचा होता आणि पुढची वाट फक्त त्यालाच दिसत होती.

माझं मत असं बनत चाललंय की पुढची काही वर्षं या भ्रमंतीचं सगळं भवितव्य अशा पोरांवर आहे. शहरातले सर चांगले आहेत, त्यांनी आम्हाला वाकायला शिकवलं. पण ते रविवारचे. मावळातल्या वाडीवरचा मुलगा सोमवारीही तिथेच असतो. त्याला शास्त्रीय नावं एका उन्हाळ्यात शिकवता येतील. कुठल्या कपारीत शीळकरी कस्तूर घरटं करतो आणि पाऊस कुठल्या बाजूने येतो, हे सरांना एका जन्मात येणार नाही.

गर्दीचं दुसरं टोकही मावळाने पाहिलंय. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार. त्यानंतर बंदीहुकूम निघतात, नाके बसतात, काही आठवड्यांनी ढिले पडतात. पाणी किती वेगाने वाढतं हे भारा घेऊन उतरणाऱ्या त्या मावशींना माहीत असतं. त्यांना विचारायला मात्र कुणी थांबत नाही. धबधब्यापर्यंत गाडी जाते, तिथे वाटाड्या कशाला?

बोरघाटात रेल्वे आली तेव्हापासून मावळ बघायला येणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती, यापुढेही नसेल. प्रश्न ते कुणाच्या मागे चालतात एवढाच आहे. तेव्हा येत्या मे अखेरीस राजमाचीला जाणार असाल तर एवढं करा. गाडी लोणावळ्यातच ठेवा आणि वर चालत किंवा गावच्या जीपने जा. टॉर्चला लाल कागद लावा, आणि झाडाजवळ गेल्यावर तोही बंद करा. झाडाखाली बसू नका, पाल्यात पाय घालू नका. उधेवाडीच्या एखाद्या पोराला पुढे घाला, तो थांब म्हणेल तिथे थांबा, आणि परत आल्यावर त्याने मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या.